सॅमी तुस्कानोची फुंक

भुईगावच्या सॅमी तुस्कानोला लोक चेहऱ्याने कमी आणि फुंकेने जास्त ओळखत. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायला बँड निघाला, की पलीकडच्या आळीतल्या बायका हातातलं काम थांबवून म्हणायच्या, सॅमी आला. ढोल कोणीही बडवेल, क्लॅरिनेटही पुष्कळांना येतं. पण ट्रम्पेटचा उंच सूर न थरथरता धरून ठेवायचा, तो धरलेला असतानाच चालायचं, आणि चालता चालता नवरदेवाच्या मामाकडे बघून भुवया उडवायच्या, हे त्या पट्ट्यात एकट्या सॅमीला जमत होतं. गोखिवऱ्याच्या कारखान्यात लेथवर उभं राहून त्याने नोकरीची सगळी वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर बायको मार्गारेटला वाटलं, आता घरात बसेल. तो उलट जास्तच बाहेर पडू लागला. लग्न, सण, मयत, काहीही असो, बँडच्या टेम्पोत पहिली जागा त्याची.

दुखणं म्हणावं असं काही नव्हतं. लघवीला वेळ लागू लागला, इतकंच. आधी धार बारीक झाली, मग उभं राहून वाट बघावी लागू लागली, आणि जाऊन आलं तरी थोडं उरल्यासारखं वाटायचं. वरातीत दर दोन गाण्यांनंतर तो कुठल्यातरी कुंपणाआड दिसेनासा व्हायचा. बँडवाले हसायचे, तोही हसायचा. त्याच्या वयाच्या सगळ्याच पुरुषांचं थोडंफार हेच चाललेलं होतं, आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं. सॅमीने आपला उपाय आपणच काढला. वाजवायला जायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचंच नाही. सुकलेल्या ओठांनी ट्रम्पेट नीट वाजत नाही, हे मार्गारेटला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. ती दोन-तीनदा म्हणाली की डॉक्टरला दाखव. त्याने वयाकडे बोट दाखवलं आणि विषय मिटवला.

तो विषय नायगावला पुन्हा निघाला, आणि चारचौघांत निघाला. खाडीकडच्या एका नव्या टॉवरच्या हॉलमध्ये रिसेप्शन होतं. उकाडा होता, दिवसभराची तहान होती, आणि नवरदेवाच्या मित्रांनी थंडगार बिअर हातात ठेवली. सॅमीने एक घेतली, मग दुसरी. केक कापायची वेळ झाली तेव्हा त्याचं ओटीपोट दगडासारखं झालं होतं. तो तीनदा आत जाऊन आला, थेंब पडला नाही. घाम फुटला तरी त्याने ठरलेलं गाणं पुरं केलं, आणि मग भिंतीला हात टेकून उभा राहिला. बँडचा म्होरक्या जॉयल त्याचा रंग बघून समजला की हे बिअरचं काम नाही. ढोल उतरवून त्याने सॅमीला टेम्पोत घातलं आणि जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे नळी घातल्यावर पिशवी भरली. एवढं सुख आपल्याला पहिल्या ख्रिस्तप्रसादालाही झालं नव्हतं, असं सॅमी पुढे सांगायचा. पण हे सांगण्याइतका मोकळा व्हायला त्याला बराच काळ लागला.

मूत्ररोगाचे डॉक्टर होते डॉ. सुमेध कर्णिक. चाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी समजावलं की मूत्राशयाच्या खाली पुरुषांना एक छोटी ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. लघवीची वाट तिच्या मधून जाते. वय वाढलं की ती फुगते आणि वाट आवळते. ते बहुतेकांना होतं आणि ते साधं आहे. मात्र तपासताना बोटाला त्या ग्रंथीच्या एका बाजूला वाटाण्याएवढं कठीण लागलं, ते त्यांना आवडलं नव्हतं. नळीमुळे आलेली सूज उतरेपर्यंत थांबून मग प्रोस्टेटसाठी रक्ताची तपासणी झाली. तिचा आकडा वर निघाला म्हणून एमआरआय झाला, आणि त्यात डाग दिसला म्हणून सुईने बारीक तुकडे काढून ते तपासायला गेले.

निकालाच्या दिवशी नवराबायको दोघं शेजारी बसली होती.

"गाठ कॅन्सरची आहे," डॉक्टर म्हणाले. "पण ती ग्रंथीच्या बाहेर गेलेली नाही."

सॅमीने पहिलं वाक्य ऐकलं आणि मार्गारेटने दुसरं. त्यामुळे तो खिडकीकडे बघत राहिला आणि पुढचे सगळे प्रश्न तिने विचारले. हाडांत गेलंय का? तपासलं, नाही गेलेलं. लघवी अडली ती याच्यामुळे का? डॉक्टर म्हणाले की नाही, अडली ती ग्रंथी फुगल्यामुळे. कॅन्सर आपला गुपचूप बसला होता, सुरुवातीला तो काही बोलतच नाही. लघवी अडली नसती तर हे इथे आलेच नसते. बरं, मग आता काय? तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे ऑपरेशन करून अख्खी ग्रंथी काढायची. दुसरी म्हणजे किरणांचा उपचार. त्याला काही आठवडे रोज जावं लागतं आणि सोबत पुरुषी हार्मोन दाबून ठेवणारी इंजेक्शनं घ्यावी लागतात. सॅमीच्या बाबतीत गुण दोन्हींनी येण्यासारखा होता, त्रास दोन्हींचे वेगवेगळे होते. घाईघाईने आज ठरवायचं कारण नव्हतं, ठरवायला काही आठवडे हाताशी होते.

तेव्हा सॅमीने तोंड उघडलं. "ट्रम्पेट वाजवता येल?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता, असं डॉक्टरांनी आधी कबूल केलं. मग म्हणाले की ऑपरेशननंतर लघवी अडवून धरणारी ताकद काही काळ कमी होते. खोकलं, वजन उचललं, जोर केला की थोडी गळते. ट्रम्पेट फुंकताना पोटावर किती जोर येतो ते तुम्हीच जाणता, तेव्हा सुरुवातीला त्रास होणार. बहुतेकांचं काही महिन्यांत सावरतं, थोड्यांचं पुरतं सावरत नाही. किरणांनी लगेच तसं होत नाही, पण आधीच लघवी अडलेल्या माणसाला त्यांनी जास्त अडण्याची भीती असते. हे सांगून झाल्यावर त्यांनी तितक्याच सरळपणे हेही सांगितलं की नवराबायकोच्या संबंधांवर दोन्हींचा परिणाम होतो, आणि ऑपरेशननंतर ते पहिल्यासारखे होतीलच असं नाही. सॅमीचे कान तापले. मार्गारेट पदराशी चाळा करत म्हणाली की समजलं.

दोघं रिक्षाने घरी निघाली. स्टेशन मागे पडलं, झाडी लागली, तेव्हा ती बाहेर बघत बोलली. "मला घरात मानूस पायजे. बाकीचं कायपन ऱ्हावो नायतर जावो."

बातमी त्यांनी बाहेर फोडली नाही. मुलगा रायन बहारीनला आणि दोघी लेकी सासरी होत्या, फक्त त्यांना फोनवर सांगितलं. पण हॉस्पिटलच्या फेऱ्या जवळच्या नातेवाइकांपासून लपल्या नाहीत. कोणीतरी सांगून गेलं की एकदा सुरी लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. कोणी विरारच्या पुढे औषधाची पुडी देणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. सॅमीने डॉक्टरांना स्पष्टच विचारलं. ते रागावले नाहीत. सुरी लागून पसरत नाही, पण पुडीच्या नादात वेळ गेला तर तेवढ्या वेळात तो नक्की पसरू शकतो, असं ते म्हणाले.

त्याचं मन हललं ते एका बाकावर. किरणांच्या डॉक्टरांचं मत घ्यायला तो गेला होता, तिथे शेजारी एकनाथ राऊत नावाचा वसईचा बागायतदार येऊन बसला. सोनचाफ्याची वाडी, अंगावर पांढरा सदरा, वय साधारण सॅमीएवढंच. दोघांचं दुखणं एकच निघालं. पण एकनाथला डॉक्टरांनी ना ऑपरेशन सांगितलं होतं ना किरणं. त्याची गाठ अगदी बारीक आणि मंद होती, म्हणून फक्त ठरलेल्या वेळी येऊन तपासून जायचं. सॅमी म्हणाला, नशीबवान आहेस. एकनाथने नकारार्थी मान हलवली.

"लोकांना तसंच वाटतं," तो म्हणाला. "माझी बायको सरला मात्र रोज विचारते, आत कॅन्सर आहे आणि डॉक्टर काही करत कसे नाहीत? मलाही पहिले काही महिने फार जड गेले. तू एकदा काढून मोकळा होशील. मला त्याच्यासोबत राहायचंय. आता जमतं. झाडाला कीड दिसली म्हणून लगेच कुऱ्हाड घेत नाही आपण, लक्ष ठेवतो. पण ते आपल्या स्वतःच्या अंगाला लावायला वेळ लागतो."

एकाच नावाच्या दुखण्यात एकाला सुरी आणि दुसऱ्याला नुसती तारीख कशी, हे सॅमीने आत गेल्यावर विचारलं. उत्तर मिळालं की नाव एकच असलं तरी सगळ्यांच्या गाठी सारख्या नसतात. काही वर्षानुवर्षं जागच्या हलत नाहीत, काही धावतात. तुमची मधली आहे. तिला मोकळं सोडणं बरं नाही, कारण तुमच्यापुढे अजून पुष्कळ आयुष्य आहे. हे शेवटचं वाक्य सॅमीने घरी येईपर्यंत मनात धरून ठेवलं. संध्याकाळी त्याने मार्गारेटला सांगितलं की काढूनच टाकू. लघवीचा अडथळा आणि गाठ, दोन्ही एकदमच जातील.

मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. पोटावर चार-पाच बारीक भोकं, आत कॅमेरा, आणि तिसऱ्या दिवशी नळी-पिशवीसकट माणूस घरी. काढलेली ग्रंथी तपासून आली, कडा स्वच्छ होत्या, म्हणजे गाठ पुरती निघाली होती. मार्गारेटने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग नळी काढली.

डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी ऐकणं वेगळं आणि सोसणं वेगळं. खुर्चीतून उठला की गळायची, शिंक आली की गळायची, केळीचा घड सरकवायला वाकला तर पँट ओली. मार्गारेट गावातल्या मेडिकलमधून नव्हे, स्टेशनजवळच्या दुकानातून पॅड आणायची आणि काळ्या पिशवीत घालून आणायची. सॅमी ती पिशवी बघून तोंड फिरवायचा. एका दुपारी घरात कोणी नसताना त्याने ट्रम्पेट काढलं, ओठांना लावलं, आणि पहिल्याच फुंकेला जे व्हायचं ते झालं. त्याने ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवलं आणि पेटी पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलली.

बँडवाल्यांना त्याने हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं, नायगावला लघवी अडली तीही हर्नियानेच असं म्हणून. जॉयल अधूनमधून डोकावायचा, पुढच्या लग्नाचं विचारायचा. सॅमी म्हणायचा की जोर करायला मनाई आहे, आणि ते खोटंही नव्हतं. गावच्या सणाला मिरवणूक घरावरून गेली तेव्हा तो आतल्या खोलीत बसून राहिला. त्याच्या जागी जॉयलने ढोल सोडून ट्रम्पेट हातात घेतलं होतं. सूर दोनदा घसरला. सॅमीला त्याचं बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही, हेच मार्गारेटला जास्त लागलं.

हॉस्पिटलने व्यायामासाठी ज्युली नावाच्या फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला होता. सॅमी एकदा गेला. पंचविशीतली मुलगी, जवळच्याच गावची. तिने न लाजता सांगितलं की लघवी मध्येच थांबवताना जो स्नायू आवळतो, तो ओळखायचा. पोट नाही, मांड्या नाहीत, फक्त तो. मग बसून, उभं राहून, चालताना, दिवसातून थोडा थोडा वेळ तो आवळून धरायचा आणि सोडायचा. सगळं नीट समजावलं तिने. सॅमी पुन्हा गेला नाही. हिच्या आईवडिलांच्या लग्नात आपण वाजवलेलं आहे, एवढंच त्याला तिथे बसून आठवत होतं.

काही दिवस मार्गारेटने वाट पाहिली. मग एका संध्याकाळी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलताना तिने विचारलं की ज्युलीने काय शिकवलं. त्याने टाळलं. तिने सोललेले दाणे बाजूला सारले.

"तीन बाळंतपनं झाली माझी," ती म्हणाली. "रायनच्या वेळेपासून मला खोकला आला की असंच व्हतं. शिंक आली की पाय आवळून उभी ऱ्हाते मी. चर्चात मिस्सेला मागच्या बाकावर का बसते, कधी इचारलंस?"

एवढ्या वर्षांत हे सॅमीच्या कानावर आलं नव्हतं. तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. बायांचं असंच असतं असं समजून ती जगली होती, जसा तो पुरुषांचं असंच असतं म्हणून कुंपणाआड जात होता.

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय? मलापन शिकव. दोघं करू."

त्याने शिकवलं. शिकवताना आधी अडखळला, मग एकदा दोघांनाही हसू आलं आणि पुढचं सोपं झालं. रोज संध्याकाळी घरात माळ हातात घेऊन रोझरीची प्रार्थना व्हायची. मार्गारेटने ठरवलं की एक 'नमो मरिये' होईपर्यंत आवळून धरायचं, पुढच्याला सोडायचं. सॅमीला ते पाप वाटलं. ती म्हणाली, "मरियामाता समजून घेईल. ती पन बाई हाय." आधी त्याला अर्ध्या प्रार्थनेपर्यंतही धरता येत नव्हतं. हळूहळू पुरी होऊ लागली. काही आठवड्यांनी दोघं मिळून ज्युलीकडे गेली, आणि तिने मार्गारेटलाही तपासून तिचा वेगळा व्यायाम सांगितला.

ट्रम्पेटचं ज्युलीनेच काढलं. ती म्हणाली, अंकल, उलटं करा. फुंकून मग सावरू नका, आधी खाली आवळा आणि मग फुंका. सुरुवातीला तिने त्याला नुसतं ट्रम्पेटचं तोंडाला लावायचं पितळी टोक वाजवायला लावलं, तेही बसून. मग ट्रम्पेट, पण खालचे सूर, हलके आणि छोटे. सॅमीला हे लहान मुलाच्या पहिल्या धड्यासारखं वाटलं आणि रागही आला. चाळीस वर्षं तो आधी श्वास घ्यायचा आणि मग विचार करायचा. आता फुंकण्याआधी थांबायचं होतं. पण थांबल्यावर सूर जास्त स्वच्छ लागतो, हे त्याच्याच लक्षात आलं. एकही थेंब न गळता त्याने पहिल्यांदा चर्चमधलं एक अख्खं गायन वाजवलं, तेव्हा मार्गारेट मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. गायन संपेपर्यंत हातातला कपडा तिने दोरीवर टाकला नाही.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी झाली, आकडा जवळजवळ शून्य. डॉक्टर कर्णिक म्हणाले की हे चांगलं आहे, पण हिशेब संपला असं समजू नका. आधी दर तीन महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं. आकडा वर सरकलाच तर किरणांचा उपाय अजून शिल्लक आहे. बापाला झालं म्हणजे मुलाला धोका थोडा जास्त, तेव्हा रायननेही पन्नाशीची वाट न बघता डॉक्टरांशी बोलावं, हेही त्यांनी आठवणीने सांगितलं. त्या रविवारी सॅमीने रायनला फोन केला. पहिल्यांदाच त्याने मुलाशी लघवी हा शब्द न चाचरता उच्चारला.

हिवाळ्याच्या लग्नसराईत तो बँडमध्ये परतला. जॉयलने पहिल्या ट्रम्पेटची जागा मोकळी केली, पण सॅमीने ती घेतली नाही. उंच सूर तूच घे, मी खालून धरतो, असं त्याने सांगितलं. गिरीजच्या एका लग्नात विहिरीकडे मिरवणूक निघाली. वाटेत एकदा चढ लागला आणि सॅमीला कळलं की थोडं झालं. आत पॅड होतं, पँट काळी होती, त्याने सूर सोडला नाही. खालची बाजू वाजवताना त्याला एक नवीनच गोष्ट कळली. इतकी वर्षं तो सगळ्यांच्या वर वाजवत होता, त्यामुळे बँड कसा वाजतो हे त्याने कधी नीट ऐकलंच नव्हतं. जॉयलचा सूर उतरायला लागला की तो खालून टेकू द्यायचा, आणि जॉयल पुन्हा वर चढायचा.

पाणी आणून झालं, मांडवात बँडवाल्यांची पानं मांडली. कोणीतरी सहज विचारलं, हर्निया बरा झाला का.

सॅमीने घास गिळला. "हर्निया नव्हता," तो म्हणाला. "प्रोस्टेटचा कॅन्सर होता. काढून टाकला."

मग त्याने नायगावपासूनचं सगळं सांगितलं, नळीचं, पॅडचं, व्यायामाचं. घरातल्या काही गोष्टी मात्र घरातच ठेवल्या. एकजण उगाच हसला आणि कोणी साथ दिली नाही म्हणून गप्प झाला. झांजवाल्याने विचारलं की कळतं कसं. सॅमी म्हणाला, तेच तर, पहिल्यांदा कळतच नाही. पन्नाशी उलटली की डॉक्टरला विचारा, रक्त तपासायचं का ते तो सांगेल. आणि धार बारीक झाली म्हणजे कॅन्सरच, असंही समजू नका. पण कुंपणाआड जाऊन लपवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॉयल त्याच्या ओट्यावर येऊन बसला. पावसाचं बोलला, केळीच्या भावाचं बोलला, टेम्पोच्या टायरचं बोलला. सॅमीने त्याला बोलू दिलं. चहा संपल्यावर जॉयल कप फिरवत म्हणाला, "माझं पन वरसभर झालं तसंच चाललंय."

"बायकोला सांगितलंस?"

"नाय."

"आधी तिला सांग. मग मी येतो तुझ्यासोबत."

दोघं गेले. जॉयलचं रक्त ठीक निघालं, तपासणीत काही कठीण लागलं नाही, नुसतीच ग्रंथी फुगली होती. डॉक्टरांनी गोळी दिली आणि पुन्हा बोलावलं. बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला. सॅमीही शेजारी बसून राहिला.

त्यानंतर बँडमधले आणखी दोघं जाऊन आले, एक अजून टाळतोय. सॅमीचा आकडा आजवर वर सरकलेला नाही. लांबच्या मिरवणुकीला तो अजून पॅड बांधून जातो आणि त्याचं काही वाटून घेत नाही. नवराबायकोतलं जे गेलं ते परत आलं नाही. औषधं विचारावीत का यावर दोघं एकदा बोलली आणि राहू दे म्हणाली. संध्याकाळी ओट्यावर ती शेंगा सोलते, तो ट्रम्पेटच्या कळांना तेल लावतो, आणि रोझरीची वेळ झाली की दोघं आत जातात.